इलेक्ट्रॉन वहन शृंखला : संशोधनाचा इतिहास

सजीवांच्या कोशिकांत अन्नघटकांपासून सुटणारे इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनापर्यंत पोहोचविणाऱ्या घटकांच्या मालिकेस ‘इलेक्ट्रॉन वहन शृंखला’ अथवा ‘श्वसन शृंखला’ म्हणतात. ती कलकणूच्या (मायटोकाँड्रियाच्या) आतील पटलात असते. तिचे घटक प्रथम ज्ञात झाले. त्यांची मांडणी मात्र पुष्कळ उशिरा उलगडली.

चार्ल्स मॅकमन या वैद्यांनी १८८६ मध्ये स्नायूंतील एका श्वसनरंजकाचे वर्णन केले. परंतु फेलिक्स होप-झायलर यांच्या विरोधामुळे ते मागे पडले. १९२५ मध्ये केंब्रिज येथे डेव्हिड केलिन यांनी तेच रंजक वर्णपटदर्शकाने पुन्हा पाहिले, त्यास ‘सायटोक्रोम’ हे नाव दिले आणि त्याचे ए, बी व सी असे तीन घटक असल्याचे दाखविले.

ही व्यवस्था वनस्पतींतही आहे काय, या प्रश्नाच्या संशोधनात एका मराठी विदुषीचा वाटा आहे. कमला भागवत (विवाहानंतर सोहोनी) यांना स्त्री असल्यामुळे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथम प्रवेश नाकारण्यात आला होता. १९३३ मध्ये तो अटींवर मिळाला. पुढे केंब्रिज येथे रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या ऊतकांत सायटोक्रोम-सी आढळले. या प्रबंधास १९३९ मध्ये पीएच्. डी. मिळाली. श्वसनाची ही यंत्रणा प्राणी व वनस्पती यांत समान असल्याच्या मतास त्यामुळे बळकटी आली.

१९६२ च्या सुमारास युसुफ हातेफी, डेव्हिड ग्रीन व त्यांचे सहकारी यांनी शृंखलेचे चार प्रथिन-संकुलांत विभाजन केले. पहिल्या दोन संकुलांकडून तिसऱ्याकडे इलेक्ट्रॉन नेण्याचे काम युबिक्विनोन करते, तर तिसऱ्याकडून चौथ्याकडे ते सायटोक्रोम-सी नेते. पहिले, तिसरे व चौथे संकुल पटलापलीकडे प्रोटॉन ढकलतात. परतणाऱ्या प्रोटॉनांच्या ऊर्जेवर एटीपी तयार होते. या उपपत्तीचे मूळ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडले व त्यासाठी त्यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

संकुले पटलात सुटी तरंगतात, असे दीर्घकाळ मानले जाई. २००० मध्ये हेर्मान शेगर व काथी फायफर यांनी ती एकमेकांस जोडून महासंकुले बनत असल्याचे दाखविले. अशा जोडणीने इलेक्ट्रॉनांचे वहन खरोखर जलद होते काय, याविषयी मतभेद आहेत.