हाली रुपयाची काळझाक : घरगुती प्रयोग आणि इतिहासाचा पुरावा

चांदीचे जुने नाणे काळवंडलेलेच असावे, अशी अपेक्षा नाणेसंग्राहकांमध्ये रूढ झालेली दिसते. या अपेक्षेपोटी घासून उजळलेल्या नाण्यांवर घरच्या घरी पुन्हा काळसर, सोनेरी किंवा निळसर छटा आणण्याचे प्रयोगही केले जातात. वरवर पाहता हा केवळ छंदाचा विषय वाटेल. परंतु नांदेड व लातूर या जिल्ह्यांपुरता त्याचा विचार केला, तर येथील सामान्य कुटुंबांच्या आर्थिक इतिहासाचा एक मूक पुरावा अशा प्रयोगांनी पुसला जाण्याचा संभव आहे, हे ध्यानात येते. संग्राहक या छटेस ‘टोनिंग’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘काळझाक’ हा शब्द योजला आहे.

चांदी हवेतील प्राणवायूने सहसा काळी पडत नाही. हवेतील गंधकयुक्त वायूंचा, विशेषतः हायड्रोजन सल्फाइडचा, तिच्याशी संयोग होऊन रौप्य-गंधकिदाचा थर जमतो. बाजारात काळपट चांदीच्या अलंकारांना ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणतात, ते या अर्थी चुकीचे नामाभिधान होय. थर अतिशय पातळ असतो तेव्हा, पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगाप्रमाणे, प्रकाशाच्या परस्परक्रियेमुळे त्यावर रंग दिसतात. आरंभी फिकट पिवळा, मग सोनेरी, त्यानंतर तांबूस-जांभळा व निळा असा क्रम सामान्यतः आढळतो आणि थर जाड होत गेला की करडा व शेवटी काळा रंग येतो. जमिनीत पुरलेल्या चांदीची गोष्ट निराळी. मातीतील क्षारांमुळे तिच्यावर रौप्य-क्लोराइडाचे मळकट कवच चढते. म्हणजेच नाणे पेटीत राहिले की मातीत, याची खूण त्याच्या पृष्ठभागावर उमटलेली असते.

या भागातील घरांत जुनी नाणी सापडतात ती मुख्यतः दोन प्रकारची: हाली आणि कलदार. १९४८ पर्यंत नांदेड हा हैदराबाद संस्थानातील एक जिल्हा होता. आजच्या लातूर जिल्ह्यापैकी लातूर व औसा हा भाग तेव्हा उस्मानाबादकडे होता, तर उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात मोडत. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला. या सर्व प्रदेशात निजाम सरकारचा ‘हाली सिक्का’ चाले. इंग्रजी रुपयास लोक ‘कलदार’ म्हणत. ‘कल’ म्हणजे यंत्र, आणि यंत्रावर पाडलेला तो कलदार. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादचा रुपयाही यंत्रावर निघू लागला व त्यावर चारमिनार झळकला. त्याच्या कमानीतील ‘मीम’ हे अक्षर मीर महबूब अली खान यांचे आणि ‘ऐन’ हे मीर उस्मान अली खान यांचे निदर्शक होय. तरीही ‘कलदार’ हे नाव इंग्रजी रुपयासच चिकटून राहिले.

या दोन नाण्यांचा विनिमयदर साधारणतः सात हालीस सहा कलदार असा होता. हा दर धातूच्या हिशेबाशी जुळतो. चारमिनार छापाच्या हाली रुपयाचे वजन ११.१७८ ग्रॅम व त्यातील चांदी ८१.८ टक्के, १९४० पूर्वीच्या कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम व चांदी बारांत अकरा भाग. सात हाली रुपयांत चांदी भरते सुमारे ६४ ग्रॅम आणि सहा कलदारांतही तितकीच. रुपया काळा की पांढरा, हा प्रश्न या हिशेबात कोठेही येत नाही.

भाषेची साक्षही हीच आहे. नाणे खणखणीत असावे, ते कसास उतरावे, त्याला बट्टा लागू नये, हे आज माणसांविषयी वापरले जाणारे वाक्प्रचार मुळात पेढीवरचे आहेत. खणखणीतपणा कानाने पारखावयाचा, कस कसोटीच्या दगडावर लावावयाचा, झीज तराजूत तोलावयाची. हाताने पाडलेल्या जुन्या रुपयांवर सराफांनी मारलेले लहान ठसे आढळतात, तेही आतील धातू पाहण्याच्या याच रीतीचे अवशेष होत. काळवंडण्याला मात्र या परिभाषेत मोल नाही. भांड्याच्या संदर्भात ‘कळकणे’ आणि चारित्र्याच्या संदर्भात ‘कलंक’ हे शब्द दोषवाचकच आहेत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरातील रुपये चिंच, राख किंवा रांगोळी लावून उजळण्याची रीत याच दृष्टीशी सुसंगत आहे.

जुनेपणाचे मोलही तेव्हा उलट होते. अठराव्या शतकात बंगालमध्ये चालू राजवर्षाचा रुपया पूर्ण किमतीने चाले, आणि वर्षे उलटली की त्यावर बट्टा कापला जाई. या जाचातून सुटका व्हावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने शाह आलमच्या एकोणिसाव्या राजवर्षाचा आकडाच पुढील रुपयांवर कायम ठेवला. नाणे कितीही वर्षांनी पाडलेले असो, त्याचे वय तेच राहिले. तेव्हा नाण्याला कायमचे तरुण ठेवण्याची युक्ती करावी लागली, आज त्याला घाईने म्हातारे करण्याची युक्ती केली जाते. ‘हाली’ या शब्दाचा इतिहासही असाच आहे. अरबी ‘हाल’, म्हणजे वर्तमान स्थिती, हे त्याचे मूळ; मराठीतील ‘हल्ली’ त्याच कुळातला. ‘हाली सिक्का’ म्हणजे हल्लीचे, चालू नाणे. हे चालू नाणे १९५९ मध्ये चलनातून कायमचे बाद झाले, आणि आता त्याची किंमत होते ती ते चालू नसल्यामुळे.

घरगुती प्रयोगांच्या रीती थोड्याच आहेत. उकडलेल्या अंड्याच्या बलकाजवळ नाणे झाकून ठेवणे, गंधकाच्या सान्निध्यात ते ऊबेत ठेवणे, पोटॅशियम सल्फाइडाच्या पातळ द्रावणात क्षणभर बुडवणे, किंवा गंधकाचा अंश असलेल्या कागदात गुंडाळून महिनोन्‌महिने ठेवणे. शेवटची रीत ही नकळत घडलेल्या गोष्टीचे अनुकरण होय. पाश्चात्य संग्राहकांची नाणी कागदी पाकिटांत व पुठ्ठ्याच्या संग्रहपुस्तकांत वर्षानुवर्षे राहिली, त्यांच्या कडांवर रंगीत वलये उमटली आणि पुढे तीच वलये मोलाची ठरली. द्रावणाच्या रीतीत अम्लाचा संपर्क आल्यास विषारी वायू निर्माण होतो, हे प्रयोग करणाऱ्याने विसरू नये. हाली रुपयात तांब्याचा अंश कलदाराच्या दुपटीहून अधिक असल्याने, आणि तांब्यावरही हवा व गंधक यांची क्रिया होत असल्याने, एकाच रीतीने दोन्ही नाण्यांवर सारखीच छटा येईल असे मानता येत नाही.

कृत्रिम काळझाक ओळखावयाची कशी? नैसर्गिक थर बहुधा कडेकडून आत, रंगांचा क्रम राखून सरकतो. अक्षरांच्या खाचांत तो दाट व वर आलेल्या, हाताळून झिजलेल्या भागांवर विरळ असतो. घाईने आणलेला रंग पुष्कळदा एकाएकी संपतो, घासल्याच्या ओरखड्यांवरही सारखाच पसरतो आणि त्याखाली उजळणीच्या खुणा दिसतात. तथापि या खुणा निर्णायक नव्हेत. गंधकिद दोन्हीकडे एकच असल्यामुळे केवळ रंगावरून निवाडा करणे जाणकारांनाही अनेकदा अशक्य होते. एकदा चढवलेला खोटा थर खऱ्याविषयीही संशय निर्माण करतो, आणि यातच खरी हानी आहे.

धातू मुद्दाम काळा करणे हे या प्रदेशाला नवे नाही. उदगीर-निलंग्याचे जुने जिल्हास्थान जे बिदर, तेथील बिदरी काम याच कौशल्यावर उभे आहे. जस्त व थोडे तांबे यांच्या मिश्रधातूचे भांडे घडवून त्यात चांदीची तार किंवा पत्रा बसवतात. मग नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातील माती यांच्या मिश्रणाने मिश्रधातू काळा कुळकुळीत होतो व चांदी पांढरीच राहते. परंतु बिदरीचा काळा रंग स्वतःच्या वयाविषयी काहीही सांगत नाही; तो कारागिराचे काम म्हणूनच पुढे येतो. नाण्यावरील कृत्रिम काळझाक मात्र काळाच्या वतीने साक्ष देते, आणि ती साक्ष खोटी असते.

ही साक्ष कोणाची, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. सराफाच्या वह्या व सरकारी दफ्तरे सावकार आणि शासन यांच्याविषयी बोलतात. शेतकरी, शेतमजूर वा बंजारा स्त्रीने साठवलेल्या दहा-वीस रुपयांची नोंद सहसा कोठे नसते. ते रुपये माळेत ओवले होते की गाडग्यात पुरले होते, हाली आणि कलदार एकत्र ठेवले होते की वेगळे, १७ सप्टेंबर १९४८ नंतरच्या चलनबदलातही ते का मोडले नाहीत, या प्रश्नांची उत्तरे शोधावयाची तर टाक्याच्या खुणा, मातीचे कवच, कापडाचा उमटलेला पोत आणि काळझाक यांचाच आधार उरतो. निरक्षर घराचे हेच दफ्तर होय.

म्हणून प्रयोगच करू नयेत, असे नाही. पृष्ठभागाचे वाचन शिकण्यास विद्यार्थ्यांना त्यांचा उपयोग आहे. मात्र ते सराफाकडील नव्या, बिनछाप चांदीच्या तुकड्यांवर करावे आणि रीत, तापमान, अवधी व दिनांक यांची नोंद प्रत्येक तुकड्याबरोबर ठेवावी. घरातून मिळालेल्या नाण्यांची छायाचित्रे, वजने आणि ती कोठे व कशात ठेवली होती याची हकीकत आधी टिपून घ्यावी, घासणे-धुणे टाळावे. जमिनीत वा भिंतीत पुरलेली नाणी सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. तेव्हा ती आहेत त्या स्थितीतच ठेवणे हे कायदा आणि इतिहास या दोहोंच्या हिताचे आहे. पूर्वीचा पारखी नाण्याचा रंग सोडून त्यातील धातू पाहत असे. इतिहासाच्या अभ्यासकास धातूबरोबर रंगही पाहावा लागतो, आणि त्यासाठी तो रंग नाण्याने स्वतःच्या आयुष्यात मिळवलेला असावा लागतो.