खंडेराव मार्केट : एका दत्तकपुत्राचे ऋण

बडोद्याच्या राजमहाल रस्त्यावर खंडेराव मार्केटची भव्य वास्तू दृष्टीस पडली, की आमचे पाऊल आजही मंदावते. सरकारी सेवेत असताना आम्ही येथे कागदपत्रे घेऊन पुष्कळदा आलो आणि परतताना भाजीची पिशवीही भरून नेली. नगराचा कारभार आणि नगराचा बाजार एकाच ठिकाणी नांदावेत, असा योग क्वचितच आढळतो. परवा नातवाने विचारले, "हे खंडेराव कोण?" त्या प्रश्नाने आम्ही अंतर्मुख झालो.

खंडेराव गायकवाड १८५६ ते १८७० या काळात बडोद्याच्या गादीवर होते. त्यांच्या मोत्यांच्या गालिच्याची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु डभोई ते मियागाम हा बैलांनी ओढला जाणारा अरुंदमापी लोहमार्ग १८६२ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला, याचे स्मरण थोड्यांनाच असते. त्यांच्यानंतर बंधू मल्हारराव गादीवर आले. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले, तेव्हा खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गोपाळरावास दत्तक घेतले. तेच महाराज सयाजीराव. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

या राज्यकारभाराला पंचवीस वर्षे होत असताना, १९०६ च्या सुमारास, महाराजांनी ही वास्तू उभारून नगरपालिकेच्या स्वाधीन केली. त्याच वर्षी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण संपूर्ण राज्यात लागू झाले. रौप्यमहोत्सव स्वतःचा, देणगी प्रजेला आणि नाव मात्र ज्यांचा सहवास कधी लाभला नाही त्या दत्तक पित्याचे! बाजारावर स्वतःचे नाव घालण्यास महाराजांना कोण अडवणार होते?

आम्हांला या नावात आपल्या घराण्यांचीही कहाणी दिसते. आपले पूर्वजही दूरच्या गावांहून येथे आले आणि या नगरीने त्यांना पोटाशी धरले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले. तरी आपली घरे येथेच राहिली. दत्तक गेलेल्याने नव्या घराचे ऋण कसे मानावे, याचा वस्तुपाठ या वास्तूने घालून दिला आहे. आपण मात्र सवयीने तिला नुसते 'मार्केट' म्हणतो. निदान मुलानातवंडांसमोर तरी तिचे पूर्ण नाव घ्यावे, आणि त्यांनी विचारले, तर उत्तर देण्याइतका वेळ आपण काढावा.