पेटी लाकडाची की फोमची? आधी पेटीचा इतिहास बघू



थंडी पडली की मधमाशी पाळणाऱ्या पोरांचे फोन चालू होतात. "काका, फोमची पेटी घेऊ का? थंडीत माशी मरत नाही म्हणतात." फोम म्हणजे दाबून घट्ट केलेलं थर्माकोलच. बचत गटाचे पैसे लागणार असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेटीच्या आधी ढोली होती. आपल्या नागझिरा-नवेगावच्या जंगलात सातेरी माशी आजही झाडाच्या ढोलीत राहते. मोह, येन यांच्या बुंध्याची भिंत चांगली जाड असते. बाहेर थंडी असो की ऊन, अंडी-अळ्यांजवळ माशी ३४-३५ अंश राखते, आणि जाड भिंतीमुळं तिचे कष्ट वाचतात. काश्मीर-हिमाचलात लोकांनी घराच्या मातीच्या भिंतीतच पोकळी ठेवून ही माशी पाळली. युरोपात गवताच्या वळलेल्या टोपल्या होत्या. थंड मुलखातल्या लोकांना ऊब कशानं राहते ते ठाऊक होतं.

मग १८५२ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्यानं सरकत्या चौकटींच्या पेटीचं पेटंट घेतलं. चौकट आणि भिंत यांच्यात ६ ते ९ मिलिमीटर फट ठेवली, तर माशी ती डिंकानं बुजवत नाही आणि तिथं पोळंही बांधत नाही, हे त्यानं हेरलं. पोळं न तोडता मध काढता येऊ लागला. मोठंच काम झालं ते! पण भिंत झाली पाऊण-एक इंच फळीची. उचलायला हलकी, सुताराला सोपी, उबेला मात्र कमी. आजची फोमची पेटी ही तीच कसर भरून काढायला आली आहे.

ती पेटी आपल्या सातेरीला मोठी पडते. फादर न्यूटन यांनी १९११ ते १९१७ च्या काळात तिरुचिरापल्लीकडं सातेरीच्या मापाची लहान पेटी तयार केली. तीच न्यूटन पेटी. आपल्या विदर्भात १९३४ साली गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम चाले, तेलघाणी आणि हातकागदाबरोबर मधमाशीपालनही. पुढं १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आली. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी दव गोठतं. तरी तिथं सातेरी लाकडी पेटीतच पाळत आले. २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेलं मांघर त्याच तालुक्यातलं.

फोमचं खरं गाव फिनलंड, जर्मनी. तिकडं माशी महिनोन् महिने बाहेर निघत नाही, एकमेकींना चिकटून घोस करते आणि साठवलेल्या मधावर जगते. ऊब जितकी गळेल तितका मध संपतो. सारख्या जाडीचा फोम लाकडाच्या तीन-चार पट ऊब अडवतो, म्हणून तिथं तो परवडतो. कॅनडात तर लाकडी पेट्या गुंडाळतात, नाहीतर सरळ कोठारात नेऊन ठेवतात.

आपल्या भंडाऱ्यात पौषात रात्री हाडं गोठतात हे खरं. पण दुपारी ऊन पडलं की माशी फुलावर! लाखोळी, जवस, मोहरी तेव्हाच फुलतात. आपला हिवाळा माशीचा सुगीचा काळ आहे. तिची उपासमार होते पावसाच्या झडीत आणि हाल होतात मे महिन्यात, ४५ अंशाला. तेव्हा सातेरी सरळ घर सोडून जाते.

फोम ऊनही अडवतो, ते मी नाकारत नाही. पण बाजारात येणाऱ्या फोमच्या पेट्या बहुतेक लँगस्ट्रॉथ मापाच्या, म्हणजे मेलिफेरा माशीसाठीच्या. सातेरीच्या चौकटी त्यात बसत नाहीत, आणि साचा काही आपला सुतार बदलून देणार नाही. मुंगी फोम पोखरते, मेणकिडाही त्यात शिरतो. उन्हानं तो झिजतो, म्हणून पाण्यातला रंग द्यावा लागतो; थिनरचा रंग लावला तर विरघळतो. रोगट पेटी लाकडाची असेल तर आतून शेकता येते, फोमची वितळेल. लाकडाला वाळवी लागते, फळी वाकते, पण डागडुजी गावातच होते.

म्हणून सातेरीवाल्यानं लाकडाचीच घ्यावी, फळी जरा जाड मागावी. वरच्या झाकणाखाली पोत्यात भरलेल्या तणसाची गादी ठेवावी, हिवाळ्यात ऊब राहते आणि उन्हाळ्यात छप्पर तापत नाही. धानाच्या जिल्ह्यात तणस कुठं विकत आणायचं! थंडीत दार लहान करा, पण हवा कोंडू नका, आत ओल धरते. उन्हाळ्यात पेटी आंब्याच्या सावलीत.

मेलिफेरा पाळून मोहरीसाठी ट्रकनं राजस्थानाकडं जाणाऱ्यानं फोमचा विचार करायला हरकत नाही. मात्र आधी दोनच पेट्या घ्या, एक हिवाळा अन् एक मे महिना बघा, मग बाकीच्या. स्टँडच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या मात्र दोन्हीला लागतील, मुंगीला लाकूड काय अन् फोम काय, सारखंच.