फोन नेमका कोणाच्या हातात?

१९५६च्या फेब्रुवारीत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग सुरू केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं त्यात होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. गावातली वीसेक मंडळी, बहुतेक पुरुषच, एका रेडिओभोवती बसून तो ऐकायची, त्यावर वाद घालायची आणि आपले प्रश्न पुणे केंद्राला कळवायची. पुढे कार्यक्रमातूनच त्यांना उत्तरं मिळायची. कल्पना कॅनडातली, मदत युनेस्कोची, मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचं. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. जिथे अशी मंडळं होती, तिथल्या लोकांची माहिती नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा स्पष्टपणे जास्त वाढली.

मला त्यातले ते उलट जाणारे प्रश्न आवडतात. आमच्या धंद्याच्या भाषेत, सिस्टिमला परतीची वाट होती.

रेडिओची जागा मोबाइलने घेतली, तेव्हा ही वाट कुठे गेली? त्यासाठी बिहारला जावं लागतं. २०१२मध्ये बीबीसी मीडिया अ‍ॅक्शनने तिथे 'मोबाइल कुंजी' आणली. कुंजी म्हणजे एका कडीत ओवलेली ४० कार्डं. आशाताई गरोदर बाईच्या घरी जायची, कार्डावरचं चित्र दाखवायची आणि त्यावर छापलेला नंबर फिरवायची. मग फोनमधून 'डॉक्टर अनिता' बोलायच्या. या डॉक्टरीणबाई काल्पनिक, पण रुबाब खऱ्या डॉक्टरचा. गावातल्याच आशाचं म्हणणं सासू उडवून लावू शकते. डॉक्टरचं उडवणं तितकं सोपं नाही. साधा बटणांचा फोन चालायचा, इंटरनेट नको, वाचता येण्याचीही अट नाही. सून, सासू, नवरा एकत्र ऐकणार आणि शंका विचारायला आशा समोरच बसलेली. इतकं शहाणं डिझाइन मी फार थोड्या अ‍ॅप्समध्ये पाहिलं आहे.

त्याच गटाने बिहारमध्ये 'किलकारी'ही सुरू केली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक कॉल, एकूण ७२. बिहारमध्ये एका कॉलला एक रुपया पडायचा. जानेवारी २०१६पासून केंद्र सरकारने ती मोफत करून इतर राज्यांत न्यायला सुरुवात केली. २०१९मध्ये ती चालवण्याचं काम मुंबईच्या 'अरमान' संस्थेकडे आलं. वाढवायला किलकारीच सोपी, हे कोणीही इंजिनिअर सांगेल. सर्व्हरला आशाताईसारखं उन्हातून चालत जावं लागत नाही.

पण कॉल जातो तो सरकारी नोंदवहीत लिहिलेल्या नंबरवर, आणि तो अनेकदा नवऱ्याचा असतो. नवरा दिवसभर बाहेर, कधी पार दुसऱ्या राज्यात. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया ४६ टक्क्यांच्या आसपास होत्या, २०१९-२१मध्ये ५४. मी रोज असे लॉग बघतो: कॉल लागला, नव्वद सेकंद चालला, हिरवी खूण. तो कोणी कानाला लावला होता, याचा रकाना त्यात नसतो.

मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत सुमारे ५००० स्त्रियांवर किलकारीची चाचणी झाली. निष्कर्ष २०२२मध्ये आले. बाळाला फक्त आईचं दूध देण्यात काही फरक पडला नाही. गर्भनिरोधकांचा वापर मात्र काही टक्क्यांनी वाढला. माझा नुसता अंदाज सांगतो: तो 'चुकीचा' कान कदाचित इथे उपयोगी पडला असेल. कुटुंबनियोजनाचं नवऱ्याने ऐकलं तर काहीतरी हलतं. दूध पाजण्याचं त्याने ऐकून आईला निरोप दिला असेल, असं मला वाटत नाही.

पुण्याला प्रश्न आले, तर ते वाचायला माणूस होता. किलकारीचा आवाज आपलं बोलणं संपवून फोन ठेवतो. बाईला काही विचारायचं राहिलंच, तर ती आशाताईची वाट बघते.