मार्लवाई : डोंगरातल्या एका शाळेची वाटचाल

तामसीकडून शनिवार-रविवारची सवड काढून कुणी डोंगरात निघालं, की गाडी एक तर माहूरच्या रेणुकेकडे वळते, नाहीतर कुंतालाच्या धबधब्याकडे. तिसरी वाट फार थोडे लोक धरतात : आदिलाबाद, गुडीहतनूर, इंद्रवेल्ली, उटनूर, जैनूर आणि मग मार्लवाई. गुडीहतनूरला हमरस्ता सोडून पूर्वेला वळलं की कापसाची काळी रानं हळूहळू मागे पडतात, साग सुरू होतो आणि रस्ता डोंगरात शिरतो. उटनूरला गोंड राजांचा जुना किल्ला आहे, तिथे थांबावंच. पण या वाटेवरचा सगळ्यात मोठा ठेवा कोणता म्हणून मला विचाराल, तर मी किल्ल्याचं नाव घेणार नाही. मार्लवाई या लहानशा गोंड गावात १९४३ मध्ये गोंड तरुणांना शिक्षक करणारं एक प्रशिक्षण केंद्र निघालं, त्याचं घेईन. आपल्या लिपीशी त्याचं नातं आहे आणि आपल्याच मुलखात ते कुणाला फारसं ठाऊक नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

या केंद्राची गोष्ट शाळेपासून सुरू होत नाही, जमिनीपासून होते. निजामाच्या राज्यात या डोंगरांतली जंगलं राखीव होत गेली, तशी पिढ्यान् पिढ्या फिरती शेती करणाऱ्या गोंड आणि कोलाम लोकांची गावंच्या गावं उठवली गेली. मोकळी काळी जमीन शोधत पश्चिमेकडून मराठी आणि दक्षिणेकडून तेलुगू शेतकरी येत होते. ज्याला कागद वाचता येत होता त्याच्या नावावर पट्टा चढला. ज्याने जंगल तोडून रान तयार केलं होतं त्याला अंगठा उठवण्यापलीकडे काही येत नव्हतं. आपल्या पूर्वजांपैकी काहींची शेतं अशीच झाली, हे तामसीकडच्या माणसाने मान खाली न घालता, पण स्पष्टपणे म्हणायला हवं. या गोंडांपैकीच असलेल्या कुमराम भीमने जल, जंगल, जमीन यांवरचा हक्क मागत बंड केलं आणि १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी तो आणि त्याचे साथीदार मारले गेले.

त्यानंतर सरकार हादरलं. हा उद्रेक कशामुळे झाला, हे समजून घेण्यासाठी क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला आदिलाबादला पाठवण्यात आलं. हा माणूस १९०९ मध्ये व्हिएन्नात जन्मलेला. महायुद्ध पेटलं तेव्हा तो हैदराबाद संस्थानात होता आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरल्यामुळे संस्थानाबाहेर जायची मोकळीक त्याला उरली नव्हती. तो आणि त्याची पत्नी बेटी एलिझाबेथ मार्लवाईत येऊन राहिले. लच्छू पटेल हे गावचे प्रमुख. या जोडप्याचा गावाशी इतका जीव जडला, की पुढे मुलगा झाला तेव्हा निकोलस या नावाबरोबर त्याला लच्छू पटेल हेही नाव मिळालं.

हायमेनडॉर्फने अहवाल तर लिहिलाच, पण अहवालावर तो थांबला नाही, ही त्याची खरी मोठेपणाची खूण. पट्टे वाटून भागणार नाही, पट्टा वाचणारा माणूस गोंडांमध्येच तयार झाला पाहिजे, हे त्याने ओळखलं. संस्थानात महसूल खातं सांभाळणाऱ्या डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचं बळ त्याच्या पाठीशी होतं. ग्रिगसन यांनी स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवर पुस्तक लिहिलं होतं, त्यामुळे त्यांना हा विषय समजावून सांगावा लागला नाही.

मग प्रश्न आला : शिकवणार कोण आणि कोणत्या भाषेत? सरकारची भाषा उर्दू, आणि डोंगरातलं मूल घरी फक्त गोंडी बोलणारं. त्या मुलाला पहिल्याच दिवशी परक्या भाषेपुढे बसवलं तर ते दुसऱ्या दिवशी येणार नाही, हे उघड होतं. संबंध जिल्ह्यात लिहिता-वाचता येणारे गोंड तरुण अगदी मोजके होते आणि ज्यांना येत होतं त्यांना मराठी येत होतं. तेच तरुण मार्लवाईच्या केंद्रात पहिल्यांदा आले. गोंडी भाषेतली प्राथमिक पुस्तकं तयार झाली ती देवनागरीत. तामसीतला मराठी शाळेत शिकलेला एखादा म्हातारा ते पुस्तक हातात धरून अक्षर न् अक्षर लावू शकला असता, अर्थ मात्र त्याला शेजारच्या गोंडालाच विचारावा लागला असता. माझ्या मते हाच या संस्थेच्या वाटचालीतला सगळ्यात देखणा टप्पा आहे. ज्या अक्षरांच्या जोरावर या लोकांची जमीन गेली होती, तीच अक्षरं त्यांच्या भाषेच्या कामाला लागली.

मूल आधी गोंडी वाचायला शिके आणि त्यानंतर दुसऱ्या भाषांकडे वळे. केंद्रातून बाहेर पडलेले तरुण आपापल्या गावात परत जाऊन शाळा चालवू लागले. काहींना पटवाऱ्याचं, काहींना वनरक्षकाचं काम मिळालं. ज्या पदांवरचा माणूस गोंडांना आजवर दरडावत आला होता, त्या पदांवर गोंड बसला. पुढे गिन्नेधरी येथेही केंद्र निघालं.

याच काळात आपल्या परिचयाचा एक माणूस या डोंगरांत वावरला. शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करत होते. ते नुसते साहेब म्हणून आले-गेले नाहीत. गोंडी शिकले, तिचं व्याकरण लिहिलं आणि ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक इंग्रजीत लिहिलं. त्यांच्या फारसी-मराठी साधनांवर आपल्याकडे खूप बोललं जातं. हा भागही तितक्याच आदराने सांगितला जायला हवा.

१९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं. हायमेनडॉर्फ लंडनला प्राध्यापक झाला. १९५६ च्या भाषावार रचनेत किनवटकडचा भाग मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात, गेला आणि मार्लवाई, उटनूर, तामसी आंध्र प्रदेशात राहिले. शाळांचं माध्यम तेलुगू झालं. देवनागरीतली गोंडी पुस्तकं वापरातून गेली. नव्या राज्याची भाषा शिकणं मुलांच्या हिताचंच होतं, ते मला मान्य आहे. पण तेलुगू यावं म्हणून गोंडी जायची गरज नव्हती. मूल गोंडीतून सुरुवात करून दुसऱ्या भाषेत जाऊ शकतं, हे मार्लवाईने करून दाखवलं होतं.

हायमेनडॉर्फ १९७० च्या दशकात परत आला तेव्हा त्याला दिसलेलं चित्र त्याने १९८२ च्या ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया’ या पुस्तकात लिहिलं. कायदे असूनही जमिनी पुन्हा हातच्या जात होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्लीत जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृत्यूंचा आहे, लोक त्याहून पुष्कळ मोठा सांगतात. तिथला स्तंभ रस्त्यावरच लागतो. गाडी न थांबवता पुढे जाऊ नये.

बेटी एलिझाबेथ ११ जानेवारी १९८७ रोजी हैदराबादेत वारल्या. त्यांची इच्छा मार्लवाईची होती, म्हणून त्यांना तिथे नेऊन पुरलं. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनमध्ये गेला आणि त्याच्या अस्थी २०१२ मध्ये मुलाने आणून आईच्या शेजारी ठेवल्या. गाव दरवर्षी ११ जानेवारीला जमतं. याच मार्लवाईचे कनक राजू गुस्साडी नाचासाठी २०२१ मध्ये पद्मश्री झाले. दिवाळीच्या दंडारीत मोरपिसांचा टोप घालून नाचणाऱ्या पोरांना त्यांनी आयुष्यभर शिकवलं. २०२४ मध्ये ते गेले.

लिपीची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. मार्लवाईपासून फार लांब नसलेल्या, नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावात गोंडीच्या स्वतंत्र लिपीतली जुनी हस्तलिखितं आहेत, हे २००६ च्या सुमारास अभ्यासकांपुढे आलं. गावातल्या मोजक्या वयस्क माणसांना ती वाचता येत होती. हैदराबादचे प्राध्यापक जयधीर तिरुमल राव यांनी त्यावर काम केलं, वाचनपुस्तक निघालं, आणि २०१८ मध्ये ‘गुंजाळा गोंडी’ युनिकोडमध्ये आली. म्हणजे १९४३ मध्ये गोंडी मुलांसाठी आपली अक्षरं उसनी दिली गेली, तेव्हा शेजारच्याच गावात त्यांची स्वतःची अक्षरं फडक्यात बांधून ठेवलेली असणार. यात देवनागरीचा कमीपणा नाही. ती गरजेच्या वेळी उपयोगी पडली. आता मुलांना गुंजाळातून शिकू द्यावं.

जायचं असेल तर पौष अमावास्येच्या सुमारास जा. तेव्हा मेस्राम कुळाची माणसं अनवाणी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात आणि केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. केसलापूर इंद्रवेल्लीजवळच आहे, पहिल्या दिवशीच होईल. जत्रेत दरबार भरतो, तोही १९४० च्या दशकातला, हायमेनडॉर्फच्याच काळातला. अधिकारी आणि मंत्री पुढे बसतात, आणि डोंगरातल्या वस्त्यांमधून आलेली माणसं जमीन, रस्ता, पाणी आणि शाळा यांबद्दल आपलं म्हणणं त्यांच्या तोंडावर मांडतात.