रात्रीची तळमळ आणि दिवसाचा थकवा : अस्वस्थ पायांच्या विकाराचा इतिहास व वाशीम जिल्ह्याचा संदर्भ

प्रस्तावना :
वाशीम जिल्ह्याच्या शेतीत सोयाबीनची सोंगणी, तुरीतील निंदण आणि कापसाची वेचणी ही कामे दिवसभर उभे राहून किंवा वाकून करावी लागतात. अशा कामानंतर पाय दुखले, पोटऱ्या भरून आल्या तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. मात्र काही व्यक्तींचा खरा त्रास अंथरुणाला पाठ टेकल्यावर सुरू होतो. पायांत काहीतरी वळवळते, पाय हलविल्याशिवाय चैन पडत नाही. उठून चालले की बरे वाटते आणि पुन्हा आडवे झाले की तळमळ परत येते. झोप तुटते. दुसऱ्या दिवशी तीच व्यक्ती जड पाय आणि थकलेले शरीर घेऊन कामाला लागते. घरात आणि अनेकदा दवाखान्यातही या साऱ्याला ‘अशक्तपणा’ हे एकच नाव मिळते.

रात्रीची तळमळ व दिवसाची पायदुखी यांचे नाते काय, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उपस्थित झालेला आहे. या दोहोंचा विचार स्वतंत्रपणे केल्याशिवाय रुग्णाचा दिवस सुसह्य होत नाही, हे त्या इतिहासाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्राचीन वैद्यकातील नोंदी :
चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात वाताचे ८० विकार सांगितले आहेत. त्यांत पादशूल म्हणजे पायांची वेदना, पादसुप्तता म्हणजे पायांचा बधिरपणा आणि पिंडिकोद्वेष्टन म्हणजे पोटऱ्या वळणे यांची वेगवेगळी गणना आहे. याच यादीत अस्वप्न, म्हणजे झोप न येणे, हाही विकार आहे. आजचा ‘अस्वस्थ पायांचा विकार’ त्या काळी ओळखला गेला होता, असे यावरून म्हणता येणार नाही. तथापि पायांच्या निरनिराळ्या तक्रारींना एकाच नावाखाली न कोंबण्याची शिस्त तेथे दिसते. त्याच ग्रंथात पायांना तेल चोळण्याचे, म्हणजे पादाभ्यंगाचे, गुण सांगताना पायांचा ताठरपणा, बधिरपणा व श्रम दूर होतात असे म्हटले आहे. तळपायाला तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने घासण्याची महाराष्ट्रातील घरगुती पद्धत याच विचाराशी जुळणारी आहे.

विलिस ते एकबोम :
पाश्चात्त्य वैद्यकात या विकाराचे पहिले स्पष्ट वर्णन इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ च्या लॅटिन ग्रंथात केले. हातपायांना बसणारे झटके आणि झोप अशक्य करणारी अस्वस्थता त्यांनी नोंदविली. रुग्णाची अवस्था त्यांना यातनागृहातील कैद्यासारखी वाटली. त्यानंतर सुमारे दोन शतके हे वर्णन दुर्लक्षित राहिले. १८६१ मध्ये जर्मन वैद्य थिओडोर विटमाक यांनी या त्रासाला पायांची चिंता अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले आणि त्याचा संबंध उन्मादाशी जोडला. शारीरिक तक्रार मनाच्या दुबळेपणाच्या खात्यात जमा झाली. रुग्णाच्या बोलण्यावर विश्वास न ठेवण्याची परंपरा अशा नावांमधूनच बळावते.

१९४५ मध्ये स्वीडनचे चेताविकारतज्ज्ञ कार्ल-अॅक्सल एकबोम यांच्या प्रबंधाने ही स्थिती बदलली. ‘रेस्टलेस लेग्ज’ हे नाव त्यांनीच रूढ केले. विशेष म्हणजे त्यांनी दोन रूपे सांगितली होती : एकात विचित्र संवेदना प्रमुख, तर दुसऱ्यात वेदना प्रमुख. दोन्हींच्या लॅटिन नावांत पायांची दुर्बलता असा अर्थ होता. रुग्ण ज्याला अशक्तपणा म्हणतो त्याचे स्थान विकाराच्या पहिल्या आधुनिक मांडणीतही होते, ही बाब लक्षणीय आहे. लोहाच्या कमतरतेशी असलेला संबंधही एकबोम यांच्या लक्षात आला होता. १९५३ मध्ये नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह देऊन केलेल्या उपचाराची नोंद केली.

निकषांचा इतिहास आणि दिवसाची वेदना :
१९९५ मध्ये या विकाराच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने निदानाचे चार निकष मांडले. पाय हलविण्याची अनावर ओढ, विश्रांतीत होणारी वाढ, हालचालीने मिळणारा आराम आणि संध्याकाळी वा रात्री वाढणारी तीव्रता हे त्यांचे सार होय. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित निकषांत पाचव्याची भर पडली : ही लक्षणे केवळ स्नायुदुखी, शिरांतील रक्त साकळणे, पायांची सूज, संधिवात किंवा पोटरीत येणारे गोळे यांमुळे नसावीत.

वरील पाचवा निकष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. काम करताना वाढणारी आणि बसल्यावर कमी होणारी पायदुखी या विकाराच्या नेमकी उलट वागते. तिचे कारण स्नायूंचा ताण, गुडघ्याचा संधिवात, फुगलेल्या शिरा, मधुमेहामुळे झालेली मज्जातंतूंची हानी किंवा कंबरेतून येणारी कळ असू शकते. एकाच व्यक्तीला दोन्ही त्रास असू शकतात. अशा वेळी रात्रीचे निदान झाले म्हणून दिवसाच्या वेदनेचा शोध थांबविणे योग्य नव्हे.

औषधांचा इतिहासही हेच शिकवितो. १९८२ मध्ये तुर्कस्तानचे अकपिनार यांनी लेव्होडोपा या औषधाचा गुण नोंदविला आणि डोपामिनवर कार्य करणाऱ्या औषधांचे युग सुरू झाले. परंतु १९९६ मध्ये अॅलन व अर्ली यांनी दाखवून दिले की, लेव्होडोपा घेणाऱ्या अनेक रुग्णांची लक्षणे कालांतराने रात्रीऐवजी दुपारीच सुरू होतात आणि अधिक तीव्र होतात. म्हणजे दिवसाचा त्रास काही वेळा उपचारातूनच उद्भवतो. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत या गटातील औषधांचा नेहमीचा वापर टाळण्याची शिफारस केली असून लोहाच्या तपासणीला अग्रस्थान दिले आहे.

वाशीम जिल्ह्याचा संदर्भ :
ब्रिटिश काळात वऱ्हाड प्रांतातील स्वतंत्र जिल्हा असलेले वाशीम १९०५ च्या पुनर्रचनेत ते स्थान गमावून बसले. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोला जिल्ह्यात गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. मधल्या ९३ वर्षांत जिल्ह्याचे ठाणे सुमारे ८० किलोमीटर दूर अकोल्याला होते. ज्या आजारात ताप नाही, जखम नाही आणि जो दिवसा तपासणाऱ्याला दिसतही नाही, त्यासाठी मजुरी बुडवून एवढा प्रवास कोण करणार? २०१८ मध्ये वाशीमचा समावेश देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाला आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. शतकभराचे अंतर आता कोठे कमी होऊ लागले आहे.

दुसरा दुवा रक्तक्षयाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४.२ टक्के झाले. देशात रक्तक्षय प्रतिबंधाचा कार्यक्रम १९७० पासून आणि ‘अॅनिमिया मुक्त भारत’ ही मोहीम २०१८ पासून राबविली जात आहे. या मोहिमांत हिमोग्लोबिन मोजले जाते. परंतु हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातील लोहाचा साठा रिता असू शकतो. तो फेरिटिन या तपासणीत कळतो. या विकारात प्रौढांचे फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असल्यास लोह देण्याचा विचार करावा, असे उपरोक्त सूचना सांगतात. रक्तक्षयाच्या निदानासाठीची मर्यादा याहून बरीच खाली असते. त्यामुळे ‘रक्त चांगले आहे’ हे उत्तर अशा रुग्णासाठी पुरेसे नाही.

दिवसाचे व्यवस्थापन :
या इतिहासातून काही व्यावहारिक सूत्रे हाती येतात. पाय केव्हा दुखतात, बसल्याने थांबतात की चालल्याने, याची आठवडाभर नोंद ठेवल्यास डॉक्टरांना दोन त्रास वेगळे करता येतात. सतत उभे राहण्याचे व सतत बसण्याचे काम आलटून पालटून करावे. संध्याकाळी पोटऱ्या ताणणे, कोमट पाण्यात पाय ठेवणे व तेल चोळणे यांनी अनेकांना आराम मिळतो. चहा जेवणासोबत वा लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये, कारण त्यामुळे लोह कमी शोषले जाते. संध्याकाळनंतरचा चहा टाळणेही हिताचे. सर्दीवरील गुंगी आणणारी काही औषधे आणि नैराश्यावरील काही औषधे ही तळमळ वाढवितात. तथापि चालू औषध मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोलावे. रोज वेदनाशामक गोळी घेऊन काम रेटणे हा उपाय नव्हे. तिने तळमळ सहसा थांबत नाही आणि मूत्रपिंडांना मात्र अपाय होऊ शकतो.

समारोप :
विलिस यांच्या वर्णनापासून आजपर्यंत साडेतीन शतके लोटली. या काळात तळमळीला कधी उन्माद म्हटले गेले, कधी दुर्बलता. जेव्हा जेव्हा वैद्याने रुग्णाचे म्हणणे तपशिलाने ऐकले, तेव्हाच ज्ञान पुढे सरकले. वाशीमच्या शेतात राबणाऱ्या स्त्रीने ‘रात्री पाय झोपू देत नाहीत आणि दिवसा चालू देत नाहीत’ असे सांगितले, तर त्या एका वाक्यात दोन स्वतंत्र तक्रारी आहेत. दोहोंची वेगळी दखल घेणारी तपासणी तिच्या तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध होणे, ही या इतिहासाची आजची मागणी आहे.