माहितीपर निबंध (शालेय)

एखादी गोष्ट काय आहे, ती कशी चालते किंवा का घडते, हे त्या गोष्टीशी अपरिचित असलेल्या वाचकाला उलगडून सांगणारा शालेय लेखनप्रकार. यात लेखकाने बाजू घ्यायची नसते आणि वाचकाला भारावून टाकायचे नसते. वाचकाला शेवटी विषय समजला की नाही, एवढीच कसोटी असते.

शाळेतल्या इतर निबंधप्रकारांपासून तो वेगळा कसा, हे एकाच विषयावरून दाखवता येते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा वर्णनात्मक निबंध. ‘मी नाला बोलतोय’ हे आत्मकथन. ‘नाल्यांवरील बांधकामे पाडावीत का?’ हे वैचारिक लेखन. त्यात बाजू मांडावी लागते. ‘पाऊस पडला की आमच्या रस्त्यावर पाणी का तुंबते?’ हा मात्र माहितीपर निबंध. महाराष्ट्रात दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या प्रश्नपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांना स्वतंत्र जागा आहे. माहितीपर निबंध यांपैकी कोणत्याच खणात नीट बसत नाही. त्यामुळे तो मराठीच्या तासाला क्वचितच शिकवला जातो, आणि विज्ञान, भूगोल, इतिहासाच्या ‘सविस्तर उत्तरे लिहा’ या प्रश्नांत मात्र न शिकवताच मागितला जातो.

पूर्वपीठिका : निबंध हा प्रकार युरोपात माँतेन (१५८०) आणि बेकन (१५९७) यांच्या पुस्तकांनी रूढ केला. मराठीत त्याचा पाया वृत्तपत्रे आणि मासिके यांनी घातला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले आणि लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये येऊ लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ जानेवारी १८७४ मध्ये सुरू झाली. सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतला बहुतेक मजकूर चिपळूणकरांनी एकहाती लिहिला. यातला मोठा काळ ते सरकारी शाळेत शिक्षक होते. त्यांच्या भाषेचा डौल पुढे शाळेत फार गिरवला गेला. विषयाचे अंगोपांग क्रमाने घेण्याची त्यांची शिस्त मात्र तितकी उचलली गेली नाही.

शाळेत शिकणाऱ्या मुलीने लिहिलेला आणि छापून आलेला मराठी निबंध याच्याही आधीचा आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतल्या मुक्ताबाईचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. ती तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. निबंधाचा सूर संतापाचा आहे आणि काटेकोरपणे पाहिले तर तो माहितीपर नव्हे, वैचारिकच म्हणावा लागेल. तरी रचना शिकण्यासाठी तो आजही वाचावा. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, या एका प्रश्नावर ती निबंध उभा करते आणि पेशवाईतल्या जुलमापासून बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांपर्यंत ठोस गोष्टी सांगत जाते.

विषयाचा प्रश्न करणे : माहितीपर निबंधाचा आराखडा म्हणजे प्रस्तावना, विस्तार आणि समारोप, असे जवळपास प्रत्येक मार्गदर्शकात छापलेले असते. ते चूक नाही, पण त्याने काम भागत नाही. विस्तारात काय आणि कोणत्या क्रमाने यावे, हे त्यातून कळत नाही. ते विषयाचा प्रश्न केल्यावरच कळते.

बंगळूरच्या कोरमंगला या वस्तीतल्या शाळेत ‘आमचा परिसर’ हा विषय दिला आहे, असे धरू. मुलाच्या वहीत पहिल्या झटक्यात येणारे मुद्दे साधारण असे असतील : कोरमंगलाचे ब्लॉक आहेत, सोनी वर्ल्डच्या चौकात वाहने खोळंबतात, दुसऱ्या ब्लॉकमध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे, शहर वसवणाऱ्या केंपेगौडांची सून लक्ष्मीदेवी हिचे स्मारक इथे आहे आणि किल्ल्यासाठी तिने प्राण दिल्याची आख्यायिका आहे, फ्लिपकार्टची सुरुवात २००७ मध्ये इथल्या फ्लॅटमधून झाली, १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी खेळाडूंची वसाहत बांधली गेली, जोराचा पाऊस झाला की एसटी बेड भागात घरांत पाणी शिरते. सगळे मुद्दे खरे आहेत, पण एकामागून एक लिहिले तर यादी तयार होईल, निबंध होणार नाही.

यांतले शेवटचे दोन मुद्दे मात्र एकमेकांना धरून आहेत, हे ज्याच्या लक्षात येईल त्याला निबंध सापडला. ‘कोरमंगलात पाणी का तुंबते?’ असा प्रश्न घेतला की बाकीचे मुद्दे आपोआप गळतात. खगोलभौतिकी संस्था कितीही आवडीची असली तरी ती इथे येत नाही. गाळणे हेच या टप्प्यावरचे खरे काम आहे, आणि मुलांना तेच सर्वांत जड जाते, कारण मिळवलेली माहिती सोडवत नाही. (मोठ्यांनाही सोडवत नाही. शहरांवरची कितीतरी जाड पुस्तके त्याची साक्ष देतील.)

क्रम लावणे : ‘का’ असा प्रश्न असला की क्रम कारणांचा लागतो, आणि आधीचे कारण कळल्याशिवाय पुढचे कळत नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर आहे. शहरातून मोठी नदी वाहत नाही. पिण्याचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरच्या कावेरीतून उपसून आणावे लागते. पठाराच्या कडांवरून पावसाचे पाणी वेगवेगळ्या खोऱ्यांत उतरते आणि त्यांतले एक खोरे कोरमंगलाचे. जुन्या लोकांनी या खोऱ्यांत तलावांची माळ बांधली होती. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी खालच्या तलावात जायचे, आणि दोन तलावांना जोडणाऱ्या मोठ्या नाल्याला कन्नडमध्ये राजकालुवे म्हणतात. एवढे सांगून झाल्यावरच पुढचे वाक्य लिहिता येते : तलाव बुजले, पण उतार तोच राहिला. धर्मांबुधी तलावाच्या जागी मॅजेस्टिकचा बसस्टँड आला, संपंगी तलावाच्या जागी कंठीरव स्टेडियम आणि कोरमंगलाच्या तलावाच्या जागी क्रीडा स्पर्धांची ती वसाहत. मॅजेस्टिकच्या बाजूने निघणारा नाला आजही कोरमंगलावरून बेळ्ळंदूर तलावाकडे जातो. मात्र वाटेत पाणी साठवून ठेवणारे तलाव उरलेले नाहीत, डांबर आणि काँक्रीटखाली ते मुरत नाही, आणि नाल्यात पावसाच्या पाण्याबरोबर सांडपाणीही येते. २०१५ मध्ये बेळ्ळंदूर तलावावर फेस आणि आग दिसल्याची चित्रे देशभर पोहोचली. ती या साखळीच्या खालच्या टोकाची.

या मजकुराचे परिच्छेद पाडताना एका परिच्छेदात एकच कडी घ्यावी : जमिनीचा उतार, तलावांची माळ, ती तुटणे आणि त्याचा परिणाम. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात त्याचा मुद्दा आला पाहिजे. निबंध झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य ओळीने वाचावे. ती वाक्ये एकमेकांना धरून चालली तर आराखडा पक्का. आयसीएसईच्या दहावीला इंग्रजीच्या निबंधासाठी साधारण ३०० ते ३५० शब्दांची मर्यादा असते. तेवढ्यात चार कड्या नीट बसतात, सहा घेतल्या तर प्रत्येक अर्धवट राहते.

माहिती कोठून : नववी-दहावीच्या मुलाने संशोधन करावे अशी अपेक्षा नाही, पण एखादी तरी गोष्ट त्याने स्वतः पाहिलेली असावी. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात आपल्या गल्लीतले पाणी कोणत्या दिशेला वाहते, हे पाहायला छत्री पुरते. इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशांवर नाल्याची वाट दिसते. तीसेक वर्षांपूर्वी इथे काय होते, हे जुन्या रहिवाशांना विचारावे. आकडा दिला तर तो कोणाचा, हे त्याच वाक्यात यावे. आंतरजालावर तीन ठिकाणी तोच आकडा दिसला म्हणून तो तीनदा पडताळला असे होत नाही. तिघांनी एकमेकांकडून उतरवलेला असू शकतो.

सुरुवात आणि शेवट : मराठी शालेय निबंधाला लागलेली खोड म्हणजे सुभाषिताने सुरुवात. पाण्याचा विषय आला की ‘पाणी म्हणजे जीवन’, झाडांचा आला की तुकोबांचा अभंग. परीक्षकाने ही वाक्ये त्याच गठ्ठ्यात शंभर वेळा वाचलेली असतात. वर घेतलेल्या निबंधाची सुरुवात अशी करता येईल : ‘बंगळूर शहर पठारावर उंच वसले आहे, तरी दर पावसाळ्यात कोरमंगलाच्या काही रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचते. उंचावरच्या शहरात पूर कसा येतो?’ दोन वाक्यांत कोडे पुढे आले आणि वाचक पुढे वाचायला तयार झाला. ‘या निबंधात मी सांगणार आहे की…’ अशी सुरुवात इंग्रजी वर्गातून उसनी आलेली असते. मराठीत ती सरकारी परिपत्रकासारखी वाचली जाते.

शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी जागरूक राहिले पाहिजे’ हे वाक्य गाळता येते. माहितीपर निबंधाचा शेवट कारणांतून निघतो. नाल्यातला गाळ काढला तर पाणी लवकर ओसरेल, पण ते थोपवून धरणारी जागाच उरली नसेल तर दर मोठ्या पावसात परत येईल, असे लिहिले की आधीच्या चार परिच्छेदांचा उपयोग झाला.

भाषा : मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे लांबलचक वाक्यात वाचकाला क्रियापदाची वाट पाहावी लागते. माहिती सांगताना छोटी वाक्ये बरी. साखळी जोडण्याचे काम ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘मात्र’, ‘उलट’, ‘तरीही’ हे शब्द करतात, आणि ते चुकले की अर्थच फिरतो. ‘तलाव बुजले, शिवाय पाणी तुंबले’ असे लिहिणाऱ्याला कारण आणि भर यांतला फरक कळलेला नाही. ‘द्वारे’ आणि ‘करण्यात आले’ यांचा मारा टाळावा. महापालिकेने नाला बांधला असेल तर महापालिकेने बांधला असेच लिहावे.

बंगळूरच्या मराठी घरांतली अडचण थोडी वेगळी आहे. मुले शाळेत इंग्रजीत लिहितात. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कन्नड सक्तीची झाल्यावर ती कन्नडमध्येही निबंध लिहू लागली. मराठी मात्र घरापुरती आणि गणेशोत्सवापुरती राहते. अशा मुलाने मराठीत निबंध लिहायला घेतला की तो आधी इंग्रजी वाक्य मनात बांधतो आणि मग शब्द बदलतो. त्यावर एक साधा मार्ग आहे : लिहिण्याआधी तोच विषय आजीला फोनवर समजावून सांगायचा. ती कोल्हापूरला किंवा नागपूरला असते, तिने कोरमंगला पाहिलेले नसते, त्यामुळे ती मधेच ‘अरे, पण तलाव कोणी बुजवला?’ असे विचारते. तिने जिथे अडवले तिथे एक कडी सुटली आहे, असे समजावे.

मूल्यमापन : बहुतेक शाळांत अशा निबंधाला शुद्धलेखन, भाषा, मुद्दे आणि मांडणी यांसाठी वेगवेगळे गुण दिले जातात. प्रत्यक्षात तपासणाऱ्याची नजर आधी शुद्धलेखनावर जाते, कारण तिथली चूक लाल रेघेने दाखवता येते आणि मांडणीतली येत नाही. मांडणी तपासण्याची सोपी रीत अशी : प्रत्येक परिच्छेदासमोर समासात तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो ते चार शब्दांत लिहायचे. एकच प्रश्न दोन परिच्छेदांसमोर लिहावा लागला तर ते दोन्ही जोडायला सांगावेत, आणि ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही तो काढायला. ही रीत विद्यार्थ्यालाही पेन्सिलीने वापरता येते. परीक्षेत त्याला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि एवढा वेळ सुरुवातीचे सुभाषित आठवण्यात जातोच.